कोन हाय का आत?

मेढ्यातले आमचे सुकाणूमामा कुठल्याही दाराला कडी घालायच्या आधी आत डोकं घालायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "कोन हाय का आत?"

कुठल्याही म्हणजे अगदी कुठल्याही. न्हाणी, रिकामा गोठा, पत्र्याची शेड. लोखंडी पेटीचं झाकण लावतानासुद्धा. एकदा मी त्यांना फ्रीजसमोर वाकलेलं बघितलं, एका हातात दुधाचं पातेलं आणि तोंडानं तेच! मी खो खो हसले. ते नाही हसले. विचारून झालं की ते श्वासभर थांबायचे, कान देऊन, आणि मगच दार लावायचे. ते थांबणं बघितलं की माझं हसू आपोआप बंद पडायचं. कारण ते खरंच उत्तराची वाट बघत असायचे.

मी मूळची कडेगावची. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झाला आणि मेढ्यात एका ऑफिसात ऑपरेटरची कंत्राटी नोकरी लागली. मामांच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली. मामा फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालेले, मामी वारल्यावर एकटेच राहायचे. फौजेत एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायची सवय, त्यामुळे मला तिथं दोन वर्षांत कुणी माझ्या नावानं बोलावलंच नाही. "ए कडेगाव, च्या टाकलाय!" एवढी हाक आली की मी बाहेर.

आणि त्यांच्याकडं काय होतं सांगू? शिडाची बोट! सातारा जिल्ह्यात, डोंगरात, समुद्र कुठं राहिला त्याचा पत्ता नाही, आणि या माणसाकडं चौदा फुटी शिडाची बोट. मेढ्यावरनं घाट चढून पलीकडं उतरलं की धरणाचं पाणी लागतं, तिथं काठावर त्यांची शेड. फौजेत असताना ते बोटींच्या शर्यतीत होते. रिटायर झाल्यावर कुठल्याशा क्लबानं टाकून दिलेलं फायबरचं खोकं त्यांनी ट्रकवर घालून आणलं आणि बाकी सगळं हातानं केलं. नाव ठेवलं 'रजा'. "चोवीस वर्सं रजा मागत हुतो," म्हणायचे, "आता दारात बांधून ठिवलीया."

बोट वळवायचं जे फळकूट मागं पाण्यात असतं ते सुकाणू, आणि ते फिरवायला वर लाकडी दांडा. मामांचा सगळा जीव त्या सुकाणूत. म्हणून पंचक्रोशीत ते सुकाणूमामा. पहिल्या रविवारी मी हट्टानं त्यांच्याबरोबर गेले तेव्हा त्यांनी मला बोटीत बसूच दिलं नाही. आधी मागं नेलं. बोटीच्या मागच्या फळीला दोन कड्या, सुकाणूला दोन खिळे, खिळे कड्यांत उतरवायचे की झालं. मी म्हटलं, "अय्या, हे तर दाराच्या बिजागरीसारखं आहे!"

मामांनी माझ्याकडं जरा रोखून बघितलं. "दारच हाय ते," म्हणाले. मला वाटलं, उपमा देतायत.

सुकाणू ते कधी बोटीवर ठेवायचे नाहीत. दर वेळी काढायचे आणि शेडच्या भिंतीवर तसल्याच दोन कड्या मारल्या होत्या त्यांत अडकवायचे, वाकू नये म्हणून. भिंतीवर दार, आणि दारामागं नुसता पत्रा. एका दुपारी पानसुद्धा हलत नव्हतं, मी बाहेर डबा खात बसलेले, आणि आत ते सुकाणू कुर्रर करून बोटभर उघडलं. मी डबा तसाच टाकून पाण्याकडं पळाले. मामा शांतपणे आत गेले, त्याच्यामागच्या पत्र्याकडं बघितलं, विचारलं, "कोन हाय का आत?", थांबले, आणि हलक्या हातानं ते परत लावलं.

आता मुख्य गोष्ट. त्या धरणाच्या पोटात मामांचं गाव आहे. ते आठ वर्षांचे होते तेव्हा पाणी आलं. सगळे वर डोंगराच्या अंगाला जाऊन राहिले, ते झालं 'वरचं गाव'. आणि बुडलं त्याला आजही सगळे 'खालचं गाव'च म्हणतात. "खालच्या गावात आमचं तीन खणाचं घर हाय," असं म्हणतात. होतं नाही. हाय! मला सुरुवातीला फार विचित्र वाटायचं. पण तिथं लाँच चालवणारे सगळे एक नियम पाळतात, खालच्या गावावर आलं की इंजिन बंद. लाँच नुसती तरंगत पुढं जाते, आतली माणसं बोलायची थांबतात, कुणी पाण्याला हात लावून कपाळाला लावतो. शंभर एक कदम गेलं की परत इंजिन सुरू आणि परत गप्पा सुरू. कुणी नियम केला कुणाला माहीत नाही. सदा लाँचवाला मला म्हणाला, "झोपल्याली मानसं हायत खाली. डोक्यावनं भडभड करत जायाचं व्हय?"

मामांची थोरली बहीण, आक्का, आमच्याच कडेगावला दिलेली. पंच्याहत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. मी तिथंच होते, मामा नेहमी स्पीकर लावूनच बोलायचे. आक्का म्हणाल्या, "बापू, संक्रांतीला येती. मला घरावर ने."

"लाँचनं जाऊ की गं."

"इंजिन नगं. लाँच थांबत न्हाई. मला थांबायचं हाय तिथं. एक बोलायचं हाय."

"मग मला सांग की."

"तुलाच सांगायचं हाय. पर तितं."

मामा हो म्हणाले. फोन ठेवला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत बसले. कारण तो हात वर्षभरापासून दगा देत होता. मुठीत जोर राहिला नव्हता, कप धरला तरी थरथरायचा. आणि 'रजा' तर दांडा सोडला रे सोडला की डावीकडं ओढायची. थोडं नाही, खसकन! आदल्याच महिन्यात दांडा त्यांच्या हातातनं सुटला होता, बोट गर्रकन वळली आणि शिडाची आडवी काठी माझ्या कानाजवळनं सुँ करून गेली. आक्कांना पोहता येत नाही. त्यांच्या डोक्याला ती काठी लागली असती तर?

"ह्या करंगळीनं दांडा हालला पायजे," मामा त्यांच्या थरथरत्या हाताची करंगळी दाखवत म्हणाले. "तवाच आक्का बोटीत बसंल. न्हाईतर न्हाई." संक्रांतीला सात रविवार होते. उन्हाळ्यात पाणी उतरतं, बोट तिकडं पोचतच नाही. आणि पुढच्या वर्षी मामांचा हात असेल का, आक्का असतील का, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

आमचे ते सात रविवार मी आयुष्यात विसरणार नाही!

मामांची पद्धत एकच. प्रत्येक गोष्ट धरून हलवायची आणि म्हणायचं, "ढिलं हाय." सुकाणू धरून हलवलं. टक टक. "ढिलं हाय." दांडा हलवला. "ढिलं हाय." माझी चप्पल बघितली, म्हणाले, "ही बी ढिली हाय, मग काढून दे." तिचं चामडं कापून त्यांनी दांड्याच्या बोल्टाला वायसर केलं. मी मेढ्यापर्यंत एका चपलेवर आले.

खरं सांगायचं तर ती टक टक मलाही नको वाटायची. बोट नुसती उभी असली, पाण्यावर जरा लाट आली, की मागनं दार वाजवल्यासारखं टक टक, टक. कुणी थांबून थांबून वाजवावं तसं. कड्या झिजल्या होत्या, खिळा आत खेळत होता, एवढंच. मामांनी दोन्ही खिळे कापून टाकले, त्यांच्या जागी सुकाणूलाही कड्या मारल्या आणि एकच लांब स्टीलची सळई केली, वरनं घातली की सगळ्या कड्यांतनं खालपर्यंत आरपार. कड्यांच्या आत पाण्याच्या प्लास्टिक पायपाचे तुकडे कापून बसवले. सुकाणू आणि कडीच्या मधे तेलाच्या कॅनच्या चकत्या. मी जोरात सगळं आवळायला गेले तर हातावर चापट!

"जाम करायचं न्हाई. ढिलं घट्ट करायचं, पर केसभर मोकळं ठिवायचं. केसभर बी जागा न्हाई ठिवली तर कवा उघडनारच न्हाई."

"उघडणार?" मी म्हटलं. "सुकाणू फिरतं मामा, उघडत नाही."

"तेच ते."

सळईला ग्रीस नाही, मेणबत्ती घासायची. ग्रीसला वाळू चिकटते. दांड्याच्या बोल्टाचं भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं, ते इपॉक्सीनं बुजवलं, दोन दिवस वाळवलं, परत पाडलं. डोलकाठी दोन बोटं पुढं झुकवली, त्यानं ओढ निम्मी झाली, निम्मी! मी नाचले. सुकाणूच्या फळीची पुढची कड गोल केली, मागची पातळ, घासायच्या पाणपेपरनं, पाणी मारत मारत. मी आईला व्हिडीओ पाठवला, आई म्हणाली, "यासाठी तुला इंजिनिअरिंगला घातलं?" मामांनी ऐकलं आणि माझ्या वतीनं उत्तर दिलं, "ह्याच्यासाठीच घातलं, आवं ताई."

पाचव्या रविवारी टक टक पूर्ण गेली. दांडा लोण्यात फिरावा तसा. पण बोट तरी डावीकडं ओढायचीच. थोडी, पण हट्टानं. आमच्या काठावरनं निघालं की डावीकडं काय आहे? खालचं गाव. सदा लाँचवरनं ओरडायचा, "मामा, तुमची बोट म्हायराला निघाली बगा! धरा तिला!"

मला मात्र कारण सापडलं होतं. सुकाणूची एक बाजू आम्ही आरशासारखी गुळगुळीत केली होती. दुसऱ्या बाजूला मामा हातच लावू द्यायचे नाहीत. "ती बाजू घासायची न्हाई." तिच्यावर जाड हिरव्या रंगाचे थरावर थर. एक बाजू गुळगुळीत, एक खरबरीत, पाणी एका बाजूला अडणार, बोट ओढणार, साधं आहे! मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आसंल." आणि विषय बंद.

सहाव्या रविवारी मामा चहाला वरच्या गावात गेले. भर दुपार, ऊन नुसतं चकाकत होतं. मी एकटी शेडमध्ये. मनात म्हटलं, मामा येईपर्यंत ती बाजू तासून ठेवते, आश्चर्याचा धक्का देते! भिंतीवरनं सुकाणू उतरवलं, उलटं केलं आणि पत्र्याच्या तुकड्यानं रंग खरवडायला लागले.

रंगाखाली रेघा होत्या.

आधी मला वाटलं, लाकडाच्या शिरा. मग बघितलं, त्या उभ्या होत्या, वरनं खाली, चार चारच्या. चार रेघा, मग चार, मग त्याच्यावर तिरक्या चार. एका जागी तर इतक्या की लाकूड वाटीसारखं खोल गेलेलं. मी का केलं माहीत नाही, पण मी माझी चार बोटं त्या रेघांत ठेवली. बरोब्बर बसली नाहीत, रेघा जवळ जवळ होत्या. माणसाच्या हातापेक्षा लहान. तेवढ्यात माझ्या मागनं, दारातनं, मामा म्हणाले, "किती घासलंस?"

मी किंचाळलेच. "थोडंसंच, मामा. आईशप्पथ."

ते रागावले नाहीत. खाली बसले. अंगठा एका रेघेत घातला आणि हळूहळू खालपर्यंत नेला, रोजचा रस्ता असल्यासारखा.

"आमच्या घराचं दार हाय ह्ये," म्हणाले. "आतली बाजू."

एका दुष्काळी उन्हाळ्यात पाणी लय खाली गेलं होतं, घराचा पाया उघडा पडला, आणि चिखलात ही सागाची फळी सापडली. बाकी सगळं कुजून गेलं होतं. मामांनी ती आणली, खालचा भाग कापून घेतला आणि त्याचं सुकाणू केलं.

"कुत्रं हुतं आमचं. मुंगळ्या. तांबडा, एवढा एवढा. गाव उठलं त्या दिवशी ट्रक दारात, आमचं वडील, दादा, म्होरं बसल्यालं. आक्का म्हनली, बापू, कडी लाव. मी दारातनं इचारलं, कोन हाय का आत? म्हनली, कोन न्हाई. मी लावली. ट्रक वळनावर आला तवा भुकनं ऐकू आलं. घरातनं." त्यांनी अंगठा काढला. "इचारलं हुतं मी. पर आत डोकं घालून बघितलं न्हाई. कुत्रं काय 'हाय' म्हनतंय व्हय?"

असं बोलून ते हसायला गेले आणि ते हसू अर्ध्यातच राहिलं. मी मूर्खासारखं इंजिनिअरिंगच बोलले. म्हटलं, "मामा, हे घासलं नाही तर बोट सरळ जाणार नाही. आक्कांना कसं न्यायचं?"

"ह्ये घासलं तर त्याचं काय ऱ्हायलं?"

मग उठता उठता ते म्हणाले, "आनि कडेगाव, तू म्हनतीस खरबरीत बाजू हाय म्हनून वडतं. मग येताना बोट कुनीकडं वडती, बघितलंस कवा?"

मी आठवलं. येताना ती उजवीकडं ओढायची. फळीची खरबरीत बाजू काय बदलत नाही, ती जाताना डावीकडं ओढत असेल तर येतानाही डावीकडंच ओढायला पाहिजे. पण येताना खालचं गाव उजव्या हाताला असतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आक्का आल्या. बरोबर माझ्या आईनं दिलेला तिळाच्या वड्यांचा डबा. गोऱ्या, वाळक्या, डोळे मात्र एकदम लख्ख. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी काठाजवळ एक फेरी मारून दाखवली, दांड्यावर फक्त करंगळी. जरा ओढत होतं, पण करंगळीला झेपत होतं. आक्कांनी सुकाणूकडं बघितलं आणि लगेच ओळखलं. कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"आपलं दार न्हवं का ह्ये?"

"व्हय."

"मग कशाला वळवतोस त्याला? त्याला ठावं हाय की घर कुटं हाय."

आम्ही तिघं निघालो. मी शिडाची दोरी धरून, आक्का मधे घोंगडी टाकून, मामा मागं. वारा मस्त होता. डावीकडची ओढ लागली तसा मामांनी दांडा सोडला. सहा आठवडे ज्या ओढीशी भांडलो, ती त्यांनी सोडून दिली. "जाऊ दे तिकडं," म्हणाले. 'रजा' आपली आपण वळली. खरंच सांगते, कुणाचाही हात नव्हता. दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात ती सरळ रेषेत गेली आणि एका जागी वारा पडला. कमी नाही झाला, पडला. शीड माझ्या डोक्यावर ओल्या धुण्यासारखं लोंबलं. ऊन डोक्यावर, पाणी हिरवं, आमची सावलीसुद्धा बोटीच्या खाली गेलेली.

"हितंच," आक्का म्हणाल्या. "ही दोन डोंगरं अशीच दिसायची वट्यावनं. जरा उच्ची हुती."

आणि मग टक टक.

मी मागं वाकले. कड्यांत प्लास्टिक आहे, सळई आहे, मेण आहे, माझी चप्पल आहे! आवाज यायचं कारणच नाही. मी सुकाणूच्या डोक्यावर हात ठेवला. ते गार होतं आणि बिलकुल हलत नव्हतं. टक टक. टक. आवाज माझ्या हाताच्या खालनं येत होता, पण फार खालनं.

मामा आक्कांकडं बघत राहिले. आक्कांनी दोन्ही हात पाण्यात घातले आणि काढलेच नाहीत.

"बापू," त्या म्हणाल्या, "मला ठावं हुतं."

"काय?"

"मुंगळ्या आत हाय, ठावं हुतं. मीच त्याला आत ढकलला. ट्रकात कुत्री घेत नव्हती. मागनं पळत आला असता आनि घाटात गाडीखाली गेला असता. म्हटलं, दादा उद्या येनार हाईत सामानाला, तवा आनतील. तळहाताएवढी भाकरी ठिवली हुती त्याला. तू इचारलंस, कोन हाय का आत. मी म्हनलं, कोन न्हाई." त्या थांबल्या. "रातीत रस्ता पान्यात गेला. दादा कशानं जातील? तू वळनावर रडाया लागलास, आनि मी तुला म्हनलं, तूच नीट बघितलं न्हाईस."

साठ वर्षं! मी मनात मोजायला गेले आणि सोडून दिलं. मामांचा चेहरा मला दिसत नव्हता. उन्हाचं पाणी डोळ्यांत होतं, त्यांच्या की माझ्या, काय माहीत. ते म्हणाले, "चवदा वर्सांची हुतीस गं तू."

"तू आठाचा हुतास."

परत टक टक. मामा मागं वळले. थरथरता उजवा हात त्यांनी सळईच्या डोक्यावर ठेवला. आणि सुकाणूवर वाकून, मी हजारदा ऐकलेल्या त्याच आवाजात, म्हणाले, "कोन हाय का आत?"

आणि थांबले.

"हाय," आक्का म्हणाल्या. "हाय रं बापू. आत हाय त्यो. उघड."

मामांनी सळई उपसली. मुठीत जोर नव्हता ना त्यांच्या, पण ती अशी अलगद आली वर, जसं काही खालनं कुणी ढकलतंय. केसभर मोकळं ठेवलं होतं ना. सुकाणू कड्यांतनं सुटलं. पाण्यात ते आडवं पडलं नाही. उभं राहिलं, क्षणभर, रेघांची बाजू आमच्याकडं करून, अर्धवट उघडलेल्या दारासारखं. मग खाली गेलं. बराच वेळ दिसत होतं. आवाज थांबला.

मग बोटीच्या तळाला, पुढनं मागं, काहीतरी घासत गेलं. खरखर, खरखर. मी म्हटलं असतं फांदी, पण त्या पाण्यात तळ पुरुषभर सुद्धा नव्हे, ताडभर खाली होता.

परत यायला वारा नव्हता, सुकाणू नव्हतं. मी आणि मामांनी वल्ही मारली, मी दणकट, मामा अधू, म्हणजे बोट गोल गोलच फिरायला पाहिजे. ती काठापर्यंत दोरी धरल्यासारखी सरळ आली. वाटेत आक्का एकदा माझ्या पायाकडं बघून म्हणाल्या, "पोरी, पाय जरा आवळून घे. जागा दे." मी घेतले. कुणाला जागा, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. माझ्या पोटऱ्यांना ओलं लागत होतं.

काठावर सदा उभा. आक्कांना हात देऊन उतरवलं, मग मामा, मग मी. बोट रिकामी झाली. आक्का वळल्या, जिभेनं टक् टक् केलं, आपण कुत्र्याला बोलावतो तसं, आणि म्हणाल्या, "चल, उतर."

रिकामी 'रजा' हलली आणि बोटभर वर आली. कुणी तिच्यातनं उडी मारली की येते तशी. सदानं ते बघितलं. त्याच्या तोंडातनं एकदासुद्धा टोमणा आला नाही, पुढं कधीच नाही.

मामांनी शेडचं दार ओढलं, कडी घातली आणि चालायला लागले. मी चार पावलं गेल्यावर थांबले. काहीतरी राहिलं होतं. मग लक्षात आलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

नंतर आम्ही प्लायवुडचं नवीन सुकाणू केलं, दोन्ही बाजू सारख्या गुळगुळीत. 'रजा' इतकी सरळ जायची की मामांना कंटाळा यायचा. "निस्ती शिपायागत चालती," म्हणायचे. पण करंगळीनं चालवायचे, पुढची दोन वर्षं, हात पार जाईपर्यंत. माझं कंत्राट संपलं, मी कवठे महांकाळला लागले. तिथं पाण्याचं नाव नाही. मी ऑफिसच्या गेटचं कुलूप हलवून "ढिलं आहे" म्हणते आणि शिपाई माझ्याकडं बघत राहतो.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. मी मेढ्याला गेले तेव्हा सगळं उरकलं होतं. आक्का ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचा नातू घर बंद करत होता. मामांच्या खोलीचं दार त्यानं ओढलं आणि कडीला हात घातला. मी ओरडलेच, "थांब!"

आत डोकं घातलं. खाट, फौजेची पेटी, भिंतीला टेकवलेली स्टीलची सळई. मी विचारलं, "कोण आहे का आत?" नातू हसला. मी श्वासभर थांबले, कान देऊन.

आक्का ओट्यावरनं म्हणाल्या, "लाव आता, पोरी."

मी कडी घातली. पण पूर्ण दाबली नाही. केसभर मोकळी ठेवली.